ताईचं अस्तर डिशमध्ये वाढवून आधीच बघता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी पुण्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिला इशिकावा पेशी (गर्भाशयाच्या अस्तराच्या) आणि जेईजी-3 पेशींचे (वारेच्या) गोळे मिळालेत. घरी थोरल्या बहिणीचे आयव्हीएफमधले दोन ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, वाया गेले, दोन्ही वेळा ब्लास्टोसिस्टची, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या गर्भाची, ग्रेड चांगली होती. मानवी गर्भ रुजताना प्रयोगशाळेत पाहिल्याची बातमी तिनं वाचली. आता ती विचारते, की ताईच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा असाच वाढवून त्यावर गर्भ चिकटतो का हे ट्रान्सफरच्या आधी कळेल का, आणि या सगळ्या मॉडेलांपैकी खऱ्याच्या सर्वांत जवळचं कोणतं?

मी आधी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट होते, नंतर बरीच वर्षं एंडोमेट्रियमच्या, म्हणजे याच अस्तराच्या, पेशींवर काम केलं. तू विद्यार्थिनी आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

ताईचं आधी. नाही, आज असं बघता येत नाही. प्रयोगशाळेत होतं ते संशोधन आहे. रुग्णाला रिपोर्ट देता येईल अशी खात्रीची तपासणी त्यातून अजून तयार झालेली नाही, आणि कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तर देऊ नका. का नाही, हे समजायला ही मॉडेलं कशी बनतात ते बघावं लागेल. 'सर्वांत जवळचं कोणतं' हे विचारण्याऐवजी प्रत्येक मॉडेलला 'तुझ्यात काय नाही' असं विचारत गेलीस, तर प्रोजेक्टलाही उपयोग होईल आणि ताईच्या निर्णयालाही.

मुळात अडचण अशी, की हा प्रसंग शरीरात घडताना दिसतच नाही. बीजांड नळीत फळतं, पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेत गर्भाशयात असतो, झोनाचं कवच फोडून बाहेर येतो आणि अस्तराला टेकतो. तेव्हा त्याचा व्यास जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. पुढच्या पाच-सहा दिवसांत तो अस्तरात पूर्ण बुडतो आणि वरची फट बुजते. रक्तात एचसीजी हे गर्भधारणेचं हार्मोन सापडायला लागतं ते टेकल्यानंतर. सोनोग्राफीत पिशवी दिसते ती पाळीच्या तारखेपासून मोजलं तर पाचव्या आठवड्याच्या सुमारास. मधल्या काळात आत काय चाललंय ते बघायला कुठलंच साधन नाही. भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण आपल्या पुण्यातच मे 2017 मध्ये झालं, ऑक्टोबर 2018 मध्ये त्यातून बाळही जन्मलं. अख्खा अवयव एका बाईचा दुसरीला बसवता येतो, पण त्यात गर्भ टेकताना बघता येत नाही, अशी स्थिती आहे.

जे थोडं प्रत्यक्ष हाती आहे ते आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक या दोन अमेरिकी डॉक्टरांमुळे. 1938 पासून पुढे दीडेक दशक, बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयात, ज्यांचं गर्भाशय काढायचंच ठरलं होतं अशा 210 बायकांकडून त्यांनी नमुने मिळवले, आणि त्यांत 2 ते 17 दिवसांचे 34 गर्भ सापडले. पाठ्यपुस्तकातल्या रोपणाच्या आकृत्यांच्या मुळाशी हेच नमुने आहेत. त्या बायकांना किती कल्पना दिली होती यावर अजून वाद होतो, आणि आज कुठलीच एथिक्स कमिटी असा प्रस्ताव पुढे सरकू देणार नाही. शिवाय त्या काचपट्ट्या म्हणजे थांबलेली चित्रं. नवव्या दिवशी काय दिसतं ते कळतं, पण आठव्या दिवसाचं नवव्यात रूपांतर कसं झालं ते कळत नाही.

वेळेबद्दलची आपली सर्वांत भक्कम माहिती तर लघवीच्या नमुन्यांतून आली आहे. ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ती प्रसिद्ध केली. मूल होऊ देण्याच्या प्रयत्नात असलेल्या बायकांनी रोजची लघवी साठवून दिली आणि त्यात एचसीजी पहिल्यांदा कधी दिसतं ते पाहिलं. टिकलेल्या गर्भधारणांपैकी 84 टक्के ओव्ह्युलेशननंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेल्या होत्या. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी 13 टक्के लवकरच गळाल्या, दहाव्या दिवशीच्या 26 टक्के, अकराव्या दिवशीच्या 52 टक्के, आणि त्यानंतरच्या तब्बल 82 टक्के. हे आकडे लक्षात ठेव, पुढे लागतील. उशिरा आलेल्याला अस्तर सहसा ठेवून घेत नाही.

आता प्राणी. उंदीर स्वस्त, हाताशी असलेला, जनुकं हवी तशी बदलता येणारा. पण उंदराच्या गर्भाशयात अस्तराचं डेसिड्युअलायझेशन, म्हणजे गर्भासाठी अस्तराच्या पेशींचं रूप बदलणं, सुरू व्हायला गर्भ टेकावा लागतो. बाईमध्ये ते दर महिन्याला आपलं आपण सुरू होतं, गर्भ असो वा नसो, आणि नसला तर पाळी येते. उंदराला पाळीच नाही. उंदराचा ब्लास्टोसिस्ट आतल्या पेशीपुंजाच्या विरुद्ध बाजूनं टेकतो, माणसाचा पेशीपुंजाच्याच बाजूनं. म्हणजे पहिल्या स्पर्शापासूनच दोघांचं वेगळं.

याची किंमत बायकांनी मोजलेली आहे. 1992 मध्ये कळलं, की एलआयएफ नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरिणीच्या गर्भाशयात गर्भ रुजतच नाहीत, बाहेरून एलआयएफ दिलं की रुजतात. निकाल इतका स्वच्छ, की वारंवार अपयश येणाऱ्या बायकांना हेच द्यावं असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्ष चाचणी झाली, 2009 मध्ये निष्कर्ष आले. फायदा शून्य. त्या उंदीर-प्रयोगात खोट नव्हती, पण त्याचं उत्तर उंदरापुरतं होतं.

म्हणून मग माणसाच्या पेशी, आणि इथे तुझा प्रोजेक्ट येतो.

इशिकावा पेशी जपानमध्ये एका रुग्णाच्या अस्तराच्या कर्करोगातून निघाल्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्हींचे रिसेप्टर त्यांच्यात आहेत म्हणून त्या लोकप्रिय. जेईजी-3, जेएआर, बीवो या कोरिओकार्सिनोमाच्या, म्हणजे वारेच्या कर्करोगाच्या. पद्धत तुला माहीत आहेच. जेईजी-3 चे दीडशे-दोनशे मायक्रोमीटरचे गोळे करायचे, इशिकावाच्या थरावर सोडायचे, ठरावीक तास थांबायचं, प्लेट हलवायची किंवा उलटी करून हलकी सेंट्रिफ्यूज करायची, आणि किती टिकले ते मोजायचं.

यात काय नाही? जवळजवळ सगळंच नाही. वरची बाजू कर्करोगाची, खालची बाजूही कर्करोगाची. दोन्हींच्या स्वभावातच चिकटणं आणि घुसणं आहे. खाली स्ट्रोमा, म्हणजे आधार देणाऱ्या पेशींचा थर, नाही, रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत. खऱ्या अस्तराचा वरचा थर तर एरवी न चिकटण्यासाठीच बनलेला असतो. त्यावर एमयूसी-1 सारख्या म्युसिनचं, म्हणजे बुळबुळीत प्रथिनांचं, आवरण असतं आणि महिन्यातले मोजके दिवस सोडले तर गर्भाला तो दाद देत नाही. इशिकावावर मात्र पुरेसा वेळ ठेवलास तर बहुतेक गोळे चिकटतातच. 'कधी चिकटू द्यायचं नाही' हा खऱ्या अस्तराचा अर्धा गुण या मॉडेलमध्ये दिसत नाही. जर्मनीतल्या एका गटानं 1990 च्या दशकात त्यावर एक उपाय काढला. आरएल95-2 पेशी चिकटू देतात, एचईसी-1ए फारसं देत नाहीत, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून फरक कशामुळे ते शोधायचं. माझ्या मते या साध्या मॉडेलचा सर्वांत प्रामाणिक वापर तोच.

तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. एखादं औषध, कीटकनाशक किंवा प्लास्टिकमधलं रसायन चिकटण्यात अडथळा आणतं का, याची पहिली चाळणी लावायला ते उत्तम आहे. स्वस्त आहे, आठवड्यात उत्तर मिळतं, पुन्हापुन्हा करता येतं.

पुढची पायरी म्हणजे बायोप्सीतून काढलेल्या खऱ्या स्ट्रोमा पेशी. माझा सगळ्यात जास्त जीव इथे आहे, त्यामुळे जरा लांबेन. या पेशी डिशमध्ये लांबट, टोकदार दिसतात. त्यांना प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आणि सायक्लिक एएमपी दिलं की आठवडाभरात त्या फुगून गोलसर होतात आणि प्रोलॅक्टिन व आयजीएफबीपी-1 ही प्रथिनं सोडायला लागतात. हेच डेसिड्युअलायझेशन. प्रोलॅक्टिन एरवी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. तिच्याशी काही संबंध नसलेली पेशी ते बनवते हे रीडिंगमध्ये बघताना अजूनही गंमत वाटते.

2010 मध्ये युट्रेख्टमधल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा पेशींवर आयव्हीएफमध्ये उरलेले मानवी गर्भ ठेवले. चांगल्या वाढीच्या गर्भाला या पेशी फारसं काही बोलल्या नाहीत. वाढ खुंटलेला गर्भ ठेवला, तर रोपणाला लागणाऱ्या काही प्रथिनांचं उत्पादन त्यांनी एकदम आवरतं घेतलं. दोन वर्षांनी आणखी एक निरीक्षण आलं. मूल झालेल्या बायकांच्या स्ट्रोमा पेशी चांगल्या गर्भाकडे सरकतात, निकृष्ट गर्भाकडे जायला नाखूश असतात. वारंवार गर्भपात झालेल्या बायकांच्या पेशी दोघांकडेही सारख्याच सरकतात.

याचा अर्थ काय लागतो बघ. आपण घरोघरी 'जमीन चांगली हवी, बी रुजेल' अशी भाषा ऐकतो, आणि दोष जमिनीचा की बियाण्याचा यावर भांडणं होतात. जमीन बी निवडत नाही. अस्तर निवडतं. काही बायकांमध्ये अडचण अशी असू शकते, की त्यांचं अस्तर गर्भाला नको इतकं लवकर हो म्हणतं, नको तो गर्भही रुजवून घेतं आणि मग तो आठव्या-नवव्या आठवड्यात गळतो. विलकॉक्सच्या आकड्यांतलं उशिरा येणाऱ्यांचं गळणं याच निवडीचा भाग असावा, असं माझं वाचन आहे. एवढी मोठी कल्पना एका साध्या, सपाट, एकाच जातीच्या पेशींच्या मॉडेलनं पुढे आणली. त्यात ग्रंथी नव्हत्या, वरचा थर नव्हता. पण प्रश्न स्ट्रोमाचा होता आणि मॉडेलमध्ये स्ट्रोमा होता.

ऑर्गनॉइड, म्हणजे डिशमध्ये वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृती, आले 2017 मध्ये. केंब्रिजहून मार्गेरिटा टुर्को आणि सहकाऱ्यांचं काम, आणि त्याच वर्षी बेल्जियमच्या लुव्हेनमधून एक. अस्तरातल्या ग्रंथींचे तुकडे मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये ठेवले की त्यांचे पोकळ गोळे होतात, महिनोन्‌महिने वाढवता येतात, फ्रीझ करता येतात आणि हार्मोनला खऱ्या ग्रंथीसारखे ओ देतात. नंतर तर पाळीच्या स्रावातूनही ते वाढवता आले, म्हणजे बायोप्सीची कळही टळली. वारेच्या पेशींचे ऑर्गनॉइड 2018 मध्येच आले होते.

बातम्यांमध्ये न येणारी अडचण अशी, की हे गोळे आत तोंड करून असतात. ग्रंथीचा जो पृष्ठभाग गर्भाला भेटायला हवा तो पोकळीच्या आतल्या बाजूला, आणि बाहेर असतो तो तळ. गर्भ बाहेर ठेवलास तर त्याची गाठ चुकीच्या बाजूशी. म्हणून ऑर्गनॉइड मोडून, उघडून त्यांचा सपाट थर करावा लागतो. दुसरी अडचण मॅट्रिजेलची. ते उंदराच्या ट्यूमरमधून काढतात, त्यात नेमकं काय किती ते लॉटगणिक बदलतं, आणि दहा अंशांच्या वर गेलं की गोठायला लागतं. पुण्यातल्या एप्रिलमध्ये टिप, ट्यूब, प्लेट सगळं बर्फात ठेवून काम करावं लागतं, आणि एसी अर्ध्यात बंद पडला की अख्खी वायल वाया. किंमत तुझ्या गाइडना विचार, ते सांगतील.

ग्रंथी आणि स्ट्रोमा एकत्र वाढवलेली मॉडेलं, ज्यांना असेम्ब्लॉइड म्हणतात, वॉरिकच्या यान ब्रोसेन्स यांच्या गटानं 2021 मध्ये मांडली. त्यात दिसलं, की डेसिड्युअलायझेशन होताना काही पेशी म्हाताऱ्या, सेनेसंट होतात, आणि त्यांचं प्रमाण बिघडलं तर गर्भ अडकून पडतो. हे मॉडेल मला मनापासून आवडतं. पण नॅचरल किलर या रोगप्रतिकारक पेशी त्यातही नाहीत, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीला अस्तरातल्या पांढऱ्या पेशींत बहुसंख्या त्यांचीच असते. मेलेल्या-म्हाताऱ्या पेशी उचलून न्यायचं कामही बहुधा त्यांचंच.

अस्तराचं झालं. दुसरी बाजू गर्भाची, आणि तो आणायचा कुठून? 2021 मध्ये माणसाच्या स्टेम पेशींपासून ब्लास्टोसिस्टसारखे गोळे बनवल्याचे पेपर एकापाठोपाठ आले. त्यांना ब्लास्टॉइड म्हणतात. त्यातलं व्हिएन्नाच्या निकोला रिव्हरों यांच्या गटाचं काम वाच. त्यांनी ब्लास्टॉइड उघडलेल्या ऑर्गनॉइडच्या थरावर सोडले. थराला हार्मोन दिलेले नसतील तर ते चिकटले नाहीत. दिलेले असतील तर चिकटले, आणि पेशीपुंजाच्या बाजूनंच, जशी माणसात अपेक्षा आहे तसे. इशिकावामध्ये जे हरवलं होतं, ते 'आता नको' म्हणणं, इथे परत मिळालं. ब्लास्टॉइड मात्र गर्भ नाही. शंभर बनवलेस तर शंभरही आतून सारखे निघत नाहीत. ते कुठल्याही गर्भाशयात ठेवायला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सक्त मनाई आहे.

आणि खरे गर्भ. 2016 मध्ये न्यूयॉर्क आणि केंब्रिजच्या दोन गटांनी दान मिळालेले मानवी गर्भ आईच्या एकाही पेशीशिवाय डिशला चिकटवून बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत वाढवले. पुढे गेले नाहीत, कारण चौदा दिवसांची मर्यादा. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं 1984 मध्ये ती सुचवली, 1990 मध्ये तिथे कायदा झाला, आणि आपल्याकडच्या आयसीएमआरच्या 2017 च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांतही तीच आहे. त्या प्रयोगांनी दाखवलं, की गर्भ स्वतःची मांडणी बरीचशी स्वतःच करतो. पण प्लास्टिकमध्ये बुडता येत नाही, त्यामुळे तो पसरट होत गेला.

तू वाचलेली बातमी बहुतेक बार्सिलोनाच्या 2025 च्या प्रयोगाची असावी. तिथे गर्भ कोलॅजेनच्या मऊ जेलवर ठेवून सतत चित्रण केलं. मानवी गर्भ आजूबाजूचे तंतू ओढत आत शिरताना दिसला, उंदराचा पृष्ठभागावर पसरत राहिला. ज्यांची ओढ जास्त ते आत जास्त गेले. सुंदर काम आहे. पण ते जेल होतं, अस्तर नव्हतं. जेल कुणालाच नाही म्हणत नाही.

आता ताईकडे परत. समजा उद्या पुण्यात कुणी ब्रोसेन्सचं असेम्ब्लॉइड आणि रिव्हरोंचे ब्लास्टॉइड एकत्र करून दिले. तरी तिचा प्रश्न सुटत नाही, कारण बायोप्सी ज्या महिन्यात घेतली त्या महिन्यात ट्रान्सफर नसतो आणि पुढच्या महिन्याचं अस्तर नव्यानं वाढलेलं असतं. पेशी वाढवायला आठवडे जातात आणि वाढता वाढता त्या बदलतात. तिचा स्वतःचा गर्भ त्यावर ठेवला तर तो परत काढून गर्भाशयात सोडता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाचा ठेवला तर उत्तर दुसऱ्या कुणाचं. सर्वांत मोठं म्हणजे, चांगल्या ग्रेडच्या ब्लास्टोसिस्टमध्येही गुणसूत्रांची गडबड असू शकते. मायक्रोस्कोपखाली ती दिसत नाही, आणि बाईचं वय वाढतं तसं तिचं प्रमाण वाढतं. अपयश आलं की अस्तरावर बोट ठेवणं सोपं जातं, एवढंच.

थोडं गणित कर. प्रत्येक ट्रान्सफरला यश येण्याची शक्यता 35 टक्के धर. मग कुठलाच दोष नसताना, निव्वळ योगायोगानं, शंभरातल्या 42 जणींचे पहिले दोन ट्रान्सफर वाया जातील. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेनं 2023 मध्ये म्हटलं, की बाईच्या वयानुसार एव्हाना यश यायची एकत्रित शक्यता 60 टक्क्यांच्या वर गेली असेल आणि तरी आलं नसेल, तेव्हा जास्तीच्या तपासण्यांचा विचार करा. माझ्या उदाहरणात दोन ट्रान्सफरनंतर ती 58 भरते. ताईचं वय तू लिहिलं नाहीस, ते डॉक्टरांना धरून मोजू दे. गर्भाशयाची पोकळी, अस्तराची जाडी, थायरॉइड, आणि पूर्वी गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, इतकं बघितलंय का ते विचारा. यातलं काहीच भारी नाही आणि मॉडेलही लागत नाही.

तिला 'अस्तराची विंडो शोधणारी' टेस्ट सुचवली जाईल, हे मी न विचारता सांगते. या टेस्टमागचं तर्कशास्त्र प्रयोगशाळेतच जन्मलं. अस्तरातली 238 जनुकं मोजायची आणि त्यावरून ट्रान्सफरची वेळ पुढे-मागे करायची. ऐकायला पटतं. 2022 मध्ये 767 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. टेस्टप्रमाणे वेळ ठरवलेल्या गटात 58.5 टक्के, नेहमीच्या वेळेला केलेल्या गटात 61.9 टक्के बाळं झाली. अस्तराला ओरखडा काढण्याचंही तसंच. छोट्या अभ्यासात दुप्पट फायदा दिसला, जगभर सुरू झालं, आणि 2019 मध्ये 1364 बायकांच्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत बाळाचं प्रमाण 26.1 टक्के. दशांशापर्यंत सारखं. म्हणून कुठलीही नवी गोष्ट सुचवली की ताईनं दोनच गोष्टी विचारायच्या: चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली आहे का, आणि तिच्यात जन्मलेली बाळं मोजली आहेत की नुसता बीटा, म्हणजे रक्तातलं एचसीजी, पॉझिटिव्ह?

आणि ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावर झोपवून ठेवू नका. आईला, सासूबाईंना, दोघींना सांग. गर्भ चालल्यानं पडत नाही आणि झोपल्यानं जास्त रुजत नाही.

उरला तुझा प्रोजेक्ट. सहा महिन्यांत इशिकावावर नीट काम होऊ शकतं, फक्त काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळ.

पेशी कुठून आल्या ते शोध. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क आणणं ही आपल्याकडची जुनी सवय. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आहे, देशभरात पेशीवंश पुरवणारं भांडार तिथे आहे. निदान तिथे काय मिळतं ते आधी विचार. बाहेरून आणल्या असतील तर एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनएवरून ओळख, करून घे. ईसीसी-1 नावाच्या पेशी अस्तराचं वेगळं मॉडेल म्हणून कितीतरी पेपरांत वापरल्या गेल्या आणि 2012 मध्ये डीएनए तपासल्यावर त्या इशिकावाच निघाल्या. मायकोप्लाझ्मा या पेशींत लपणाऱ्या जंतूची पीसीआर दर महिन्याला. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेवर विशेष लक्ष ठेव. जुलैमध्ये पुण्यातल्या निम्म्या लॅबमध्ये फंगस याच मार्गानं शिरतं, आणि गुरुवारी पाणी बंद म्हणून ट्रे धुणं पुढे ढकललं तर शुक्रवारी रडायची वेळ येते.

मीडियम फिनॉल रेड हा रंग नसलेलं घे आणि सीरम चारकोल-स्ट्रिप्ड, म्हणजे कोळशानं हार्मोन काढलेलं. फिनॉल रेडला स्वतःचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम आहे आणि साध्या सीरममध्ये हार्मोन असतातच. साध्या डीएमईएममध्ये 'हार्मोन न दिलेला' कंट्रोल केलास तर तो कंट्रोलच नव्हे. चिकटण्याची मोजणी एकाच वेळेला करू नकोस. एक तास, चार तास, चोवीस तास, अशी घे. चोवीस तासांनी सगळेच चिकटलेले दिसतील, फरक असेल तर तो पहिल्या काही तासांतच दिसेल. न चिकटू देणारा एखादा पेशीवंश शेजारी ठेव, एचईसी-1ए मिळाल्या तर उत्तम. गोळे चाळणीतून गाळून एकाच मापाचे घे, नाहीतर तू हार्मोनचा परिणाम न मोजता वजनाचा मोजशील. कुठल्या वेलमध्ये काय आहे हे माहीत नसलेल्या मैत्रिणीकडून मोजून घे. आणि थिसिसच्या निष्कर्षात 'जेईजी-3 चे गोळे इशिकावावर चिकटण्याचं प्रमाण' इतकंच लिही, बायकांना काय होईल ते लिहू नकोस.

गाइड म्हणाले की 'थोड्या प्रायमरी पेशीही करून बघू', तर आनंदानं हो म्हण. पण बायोप्सी घ्यायला रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि प्रत्येक बाईची लेखी संमती लागेल, आणि उरलेले गर्भ हवे असतील तर ते वेगळंच प्रकरण आहे. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार ते दाम्पत्याच्या संमतीनं आणि या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेलाच देता येतात. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला त्या वाटेला जाऊ नकोस. बायोप्सीचा अर्ज करायचा असेल तर याच आठवड्यात कर. कमिटीची बैठक रोज बसत नाही, आणि मराठीतला संमतीचा मसुदा पहिल्या फेरीत हमखास दुरुस्तीला परत येतो.